घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडलं आणि घोडा का अडला, हे कोडं आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं आहे. तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच : फिरवलं नाही म्हणून. तव्यावरची भाकरी फिरवावी लागते, विड्याची पानं उलटीपालटी करावी लागतात, आणि घोडा रोज हिंडवावा लागतो. आपल्या जुन्या माणसांनी घोडा सांभाळण्याचं निम्मं शास्त्र या कोड्यात सांगून ठेवलं आहे. श्रोतेहो, आज त्याच शास्त्राबद्दल चार गोष्टी बोलायच्या आहेत. कारण थंडीचे दिवस आले की नेमकं तेच आपण विसरतो.

कोल्हापुरात आता घोडे कुठे राहिलेत, असं कुणी म्हणेल. टांगे गेले, छकडे गेले, हे खरंच आहे. पण तुळशीची लग्नं लागली की वरातींचे दिवस येतात आणि राजारामपुरीच्या रस्त्यांवर बँडच्या गजरात नवरदेवाला घेऊन सजवलेली घोडी चालू लागते. रंकाळ्यावर पोराटोरांना चक्कर मारून आणणारी तट्टं आहेत. महाबळेश्वरला पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत. हौसेनं घोडा पाळणारी मंडळी तर आपल्याकडे खेडोपाडी आहेत. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथे देशभरातून घोडे विक्रीला येतात आणि ऐन डिसेंबरात नव्या मालकाबरोबर नव्या गावाला जातात.

अशा एखाद्या घोड्याला पहाटेच्या वेळी उघड्यावर उभा पाहिला, की फिरायला निघालेल्या माणसाचा जीव कळवळतो. आपल्या डोक्याला मफलर, अंगात स्वेटर. मग मालकाला कुणीतरी सुनावतंच, ‘एवढ्या थंडीत मुक्या जनावराला बाहेर काय ठेवलाय? आत बांधा की!’ बोलणारा मनापासून बोलत असतो. मालकालाही वाईट वाटतं. तो पत्र्याच्या खोपटाची उघडी बाजू ताडपत्रीनं बंद करतो, घोड्याच्या पाठीवर पोतं टाकतो, दोर आखडता घेतो, दाराशी शेकोटी पेटवतो. आपण जनावराचं भलं केलं, या समाधानात सगळे झोपी जातात. आणि घोडं पेंड खातं ते इथेच. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीनं त्या घोड्याचं नुकसान होण्याची शक्यता असते.

पहिला प्रश्न असा की घोड्याला थंडी कधी वाजते? उघड्या अंगाच्या माणसाला साधारण अठ्ठावीस अंशांच्या खाली गारवा जाणवायला लागतो. घोड्याचं तसं नाही. सौम्य हवामानात राहणाऱ्या, अंगानं बऱ्या असलेल्या मोठ्या घोड्याला साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअस या टप्प्यात शरीर ऊबदार ठेवण्यासाठी वेगळी शक्ती खर्च करावी लागत नाही. आपल्याकडे वाढलेल्या घोड्याच्या बाबतीत ही खालची मर्यादा काही अंश वर धरली, तरी हिशेब फारसा बदलत नाही. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान बहुतेक दिवशी चौदा-पंधरा अंशांच्या आसपास असतं; थंडीची लाट आली तर आणखी काही अंश उतरतं. म्हणजे ज्या पहाटे आपण कुडकुडतो, ती पहाट घोड्याच्या दृष्टीनं छान असते. त्याला त्रास होतो तो एप्रिल-मे महिन्यातल्या दुपारी, पत्र्याखाली.

मंगोलियात थंडी उणे तीस-चाळीस अंशांपर्यंत जाते. तिथले घोडे वर्षभर उघड्या माळावर असतात, पायानं बर्फ उकरून खालचं गवत खातात. आपला घोडा तसा नाही आणि त्यानं तसं व्हावं असंही नाही. पण निसर्गानं या प्राण्याला कुठल्या कामासाठी घडवलं आहे, ते त्यावरून कळतं.

घोड्याजवळ ऊब राखण्याची दोन साधनं आहेत. एक अंगावर आणि एक पोटात. अंगावरचं साधन म्हणजे केस. दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या शरीराला त्याचा इशारा मिळतो आणि अंगावर दाट केस यायला लागतात. कोल्हापुरात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा. फरक थोडा, त्यामुळे आपल्याकडच्या घोड्याची लोकरही थोडी. तरी गारवा वाढला की हे केस उभे राहतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि ती हवा गोधडीचं काम करते. पाठीवर जड पोतं टाकलं की हे केस दबतात. गोधडी दिली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याची स्वतःची गोधडी आपण काढून घेतलेली असते. त्यातून ते पोतं दवानं किंवा घामानं ओलं झालं, तर विचारायलाच नको.

दुसरं साधन पोटातलं, आणि तेच अधिक महत्त्वाचं. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानानं अगदी लहान असतं. पण पुढे मोठ्या आतड्यात त्याची खरी भट्टी असते. तिथे कोट्यवधी सूक्ष्म जीव गवत-कडबा आंबवतात, आणि या आंबवण्यातून उष्णता निघते. रात्रभर थोडी थोडी वैरण पोटात जात राहिली, की ही भट्टी रात्रभर धुमसत राहते. म्हणून थंडीत घोड्याला ऊब द्यायची असेल तर भिंती वाढवू नयेत, वैरण वाढवावी. पुष्कळ जण चंदी, म्हणजे हरभरा किंवा धान्य वाढवतात. धान्यानं ताकद येते, पण वैरणीइतकी ऊब मिळत नाही. शिवाय एकदम जास्त धान्य पोटात गेलं तर पोटशूळ उठण्याचा, पाय धरण्याचा धोका असतो. सर्वसाधारण हिशेब असा की घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण रोज लागते. तीनशे किलोचं तट्टू असेल तर साडेचार ते सहा किलो. थंडीत ती थोडी वाढवावी आणि तिचा मोठा वाटा संध्याकाळी टाकावा.

मग थंडीत घोड्याचं काहीच बिघडत नाही का? बिघडतं. केस भिजले की त्यांच्यातली हवा जाते आणि गोधडी निकामी होते. त्यात वारा असला की अंगातली ऊब झपाट्यानं निघून जाते. म्हणजे घोड्याचा खरा शत्रू नुसता गारवा नव्हे. ओल आणि वारा हे दोघे एकत्र येणं, हा खरा शत्रू आहे. आणि कोल्हापुरात हे दोघे एकत्र येतात ते हिवाळ्यात नाही, तर आषाढ-श्रावणात. पंचगंगा पात्राबाहेर पडते, जमीन आठवडेच्या आठवडे सुकत नाही, तेव्हा घोड्याला छप्पर हवं. पायाखाली कोरडी जमीन हवी, नाहीतर खुराच्या तळव्याला सड लागते. पावसाळ्याच्या अखेरीस आणि नंतर घोडमाश्या वाढतात. त्यांच्या चाव्यातून सर्रा नावाचा रक्तातला रोग पसरतो, तो वेळीच ओळखला नाही तर घोडा हातचा जातो.

आपल्या पूर्वजांचा घोड्याचा कारभार नेमका याच हिशेबावर चालत असे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराच्या रीतीचं वर्णन आहे. पावसाळ्याचे चार महिने लष्करानं छावणीत यायचं. तिथे दाणा, रतीब, औषधं साठवलेली असत. घोड्यांसाठी गवतानं शाकारलेली घरं तयार असत. दसरा झाला की छावणी उठायची आणि लष्कर मुलखात निघायचं. सीमोल्लंघनाचं सोनं आपण अजून वाटतो, पण त्यामागचं हे घोड्यांचं वेळापत्रक आपण विसरलो. चार महिने छपराखाली आणि आठ महिने उघड्यावर, आणि त्या आठ महिन्यांत सगळा हिवाळा आला. थंडी पडली म्हणून फौज घोडे घेऊन घरात बसली नाही.

छपराखालचे ते चार महिनेसुद्धा बिनघोर नसत. चिपळूणजवळ छावणीला राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी राज्याभिषेकाच्या आगेमागे, १६७३-७४ च्या सुमारास, पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, या ताकिदीसाठी ते नेहमी सांगितलं जातं. ते योग्यच आहे. पण घोडा पाळणाऱ्यानं ते आणखी एका दृष्टीनं वाचावं. त्यात दोन धोके सांगितले आहेत. पहिला वैरणीचा. साठवलेला दाणा-गवत आज मनमानेल तसं उधळलं तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडे उपाशी मरतील, आणि ते तुम्हीच मारल्यासारखं होईल. दुसरा आगीचा. स्वयंपाकाच्या चुली, तंबाखूचा विस्तव, रात्री जळता ठेवलेला दिवा. उंदरानं पेटती वात ओढून नेली तरी गवताला आग लागेल आणि बांधलेले घोडे जागच्या जागी जातील. इतक्या बारकाईनं एका राजानं हे लिहिलं आहे. पत्र्याच्या खोपटात कडब्याच्या पेंढ्या रचून दाराशी शेकोटी पेटवणाऱ्यानं साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आजच्या तारखेचा समजावा.

हिवाळ्यात घोडा कशानं मरतो, याचा कडू दाखला आपल्या इतिहासात आहे, तो पानिपतचा. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपर्यंत दक्षिणेतले हजारो घोडे उत्तरेतल्या कडक थंडीत पानिपतच्या तळावर उभे होते. थंडी होतीच. पण अब्दालीच्या फौजेनं रसद तोडली, वैरण-दाणा संपला, आणि घोडे खंगून मरू लागले. लढाईच्या दिवशी जे उभे होते त्यांच्यातही पहिलं बळ राहिलं नव्हतं. बाहेर थंडी आणि पोटातली भट्टी विझलेली, अशी ती अवस्था होती. पोट भरलेला घोडा थंडी काढतो. उपाशी घोड्याला भिंतीही वाचवत नाहीत.

त्या फौजेचा कणा असलेलं दख्खनी तट्टू आजही आपल्यात आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू. आता त्याच्यावर स्वार नसतो. धनगरांचा संसार असतो. बाजली, भांडी, कोंबड्या, करडं-कोकरं पाठीवर घेऊन ते मेंढरांच्या कळपाबरोबर मुलूखभर फिरतं. २०२३-२४ मध्ये या भीमथडीची घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. हे तट्टू कधी तबेला पाहत नाही. मुक्काम पडेल तिथे चरतं, दव पडलं तर दवात उभं राहतं. अंगानं लहान, पण चिवट. धनगर त्याला कोंडत नाही, कारण कोंडायला त्याच्याजवळ भिंतच नाही. आणि तट्टाचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

मग कोंडल्यानं होतं काय, तेही पाहू. पहिली गोष्ट हवेची. घोड्याची लीद आणि मूत यांतून अमोनियाचा उग्र वायू सुटतो. सगळीकडून बंद केलेल्या खोपटात तो रात्रभर साचतो. माणूस उभ्यानं आत डोकावतो, त्याला फारसं जाणवत नाही. पण घोड्याची मान तर वैरण खायला खालीच असते. मालकानं पहाटे आत जाऊन गुडघ्यावर बसावं आणि दोन मिनिटं श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर समजावं की घोड्यानं रात्रभर तेच ओढलं आहे. त्यात कडब्याची धूळ, बुरशी आणि डासांसाठी केलेला धूर. घोड्याची सगळी किंमत त्याच्या दमात असते आणि आपण नेमका तोच बिघडवतो. एकदा दम्यासारखा खोकला जडला की तो सहसा पूर्ण जात नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास थोडं थोडं चरत असतो. त्याच्या जठरात पाचक आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. बांधलेल्या घोड्याला सकाळ-संध्याकाळ दोन वेळा टाकलं आणि मधले दहा-बारा तास गव्हाण रिकामी राहिली, तर त्या आम्लानं जठराला व्रण पडतात. चालणं नाही म्हणून आतड्याची हालचाल मंदावते. थंडीत पाणीही कमी प्यायलं जातं. कोरडी वैरण, थोडं पाणी आणि उभं राहणं, हे तिन्ही जमलं की मल घट्ट होऊन अडतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी करता येत नाही, हे लक्षात ठेवा. त्याची पोटदुखी म्हणजे ‘उद्या बघू’ म्हणण्याचा आजार नव्हे.

तिसरी गोष्ट पायांची आणि झोपेची. घोडा उभ्यानं झोपतो हे खरं, पण अर्धंच. गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं. अगाडी-पिछाडी आखडून बांधलेला घोडा आडवा होऊ शकत नाही. आठवड्यामागून आठवडे असं झालं, की तो उभ्या उभ्या पेंगतो, गुडघे मोडून पडतो. शिवाय दिवसभर उभं राहून पाय सुजतात. आणि चौथी गोष्ट मनाची. घोडा कळपातला प्राणी आहे. एकटा, बांधलेला, समोर भिंत असलेला घोडा कधी तासन् तास डोलत राहतो, कधी गव्हाणीची कड दातांत धरून हवा गिळतो, कधी जवळ जाणाऱ्याला चावतो. आपण म्हणतो, खोडकर निघाला. कोड्यातला घोडा अडला तो असा.

कोल्हापूरकरांच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. आपलं जनावरांचं ज्ञान मोठं, पण ते म्हशीचं. पाडव्याला म्हशी सजवून मिरवणारं हे गाव आहे. आपण नकळत घोडाही म्हशीच्या हिशेबानं सांभाळतो. म्हशीच्या अंगावर केस विरळ, तिला थंडी लवकर लागते. तिला आडोसा दिला, रात्री गोठा जरा बंद केला, तर दुधाला बरं. म्हैस पोटभर खाऊन निवांत बसते आणि रवंथ करते. बसून राहणं हा तिच्या पचनाचा भाग आहे. घोड्याचं पचन चालण्यावर. म्हशीला जे सुख, ते घोड्याला दुखणं. वैरणीचंही तसंच. थंडीचा काळ म्हणजे आपल्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम. उसाचे वाडे स्वस्त आणि मुबलक. पण वाड्यांत ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य असतं, ते शरीराला मिळणारा चुना अडवतं. घोड्याला महिनोन् महिने नुसते वाडे घातले तर हाडं कमजोर होतात. वाडे तोंडी लावण्यापुरते असावेत. मुख्य आधार वाळलेल्या गवताचा आणि बिनबुरशीच्या कडब्याचा असावा.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक घोडा उघड्यावर ठेवावा, असं कुणी समजू नये. म्हातारा, दात झिजलेला, बरगड्या दिसणारा घोडा, नुकतं जन्मलेलं शिंगरू, आजारी जनावर, शर्यतीसाठी किंवा दिसण्यासाठी केस कातरलेला घोडा, यांना रात्री आडोसा आणि कोरडी झूल हवी. कोकणातल्या उकाड्यातून एखादा घोडा ऐन थंडीत महाबळेश्वरला नेला, तर वेण्णा तलावाच्या काठी दव गोठवणारी ती थंडी त्याला सोसणार नाही. शरीराला नव्या हवेची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. घाम आलेला घोडा वाऱ्यावर तसाच उभा करू नये. वरातीहून रात्री परतलेली घोडी आधी पुसून, खरारा करून कोरडी करावी. आणि गावाकडे बिबट्याची, भटक्या कुत्र्यांची, चोरीची भीती असते. ही भीती खोटी नाही.

शहरात तर प्रश्न जागेचाच आहे. राजाराम महाराजांच्या नावानं वसलेली राजारामपुरी क्रमांकाच्या गल्ल्यांनी नेटकी आखलेली. आता त्या गल्ल्यांत मोटारी लावायला जागा नाही, तिथे घोड्याला कुरण कुठून आणायचं? पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती. तिथे मुलींची शाळा आली आणि १८८४ साली सुरू झालेल्या त्या शाळेला आजही लोक हुजूरपागा म्हणूनच ओळखतात. शहरं वाढतात तशा पागा जातात, त्याबद्दल तक्रार नाही. पण घोडा मागे राहिला आणि पागा गेली, तर हाल घोड्याचे होतात. मुंबईत हेच झालं. व्हिक्टोरिया गाड्यांच्या विरोधातल्या याचिकेत रस्त्यावरच्या वागणुकीइतकाच तबेल्यांच्या अवस्थेचा मुद्दा होता. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या त्या गाड्या बेकायदा ठरवल्या. अनेक कुटुंबांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा त्याबरोबर गेला. घोडा नीट ठेवणं हा मालकाच्या पोटाचाही प्रश्न आहे, तो असा.

कायदाही सांगून ठेवतो. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला अवाजवी आखूड दोरानं किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. स्वित्झर्लंड तर आपल्यापेक्षा कितीतरी थंड देश. तिथे २००८ च्या नियमांनी घोडे दावणीला बांधून ठेवण्याची पद्धतच बंद करायचं ठरलं, आणि मुदत देऊन २०१३ पासून ती बंद झाली. दुसरा घोडा नजरेला, कानाला आणि नाकाला जाणवला पाहिजे, असंही ते नियम सांगतात. बर्फाच्या देशाला हे जमतं, तर आपल्याला आपल्या ऐपतीप्रमाणे काही जमण्यासारखं आहे.

काय करता येईल? खोपट तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूनं उघडं ठेवावं. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, ती बाजू बंद. पूर्व उघडी, म्हणजे सकाळचं ऊन आत येईल. भिंतींच्या वर, छपराखाली हवा जायला फट असू द्यावी. दोराऐवजी उघड्या बाजूला दोन आडवे बांबू लावले, तर घोडा आत मोकळा फिरू शकतो, आडवा होऊ शकतो. पुराच्या दृष्टीनंही हे बरं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. बांधलेलं जनावर पाण्यातून स्वतःला वाचवू शकत नाही. पाणी चढायला लागलं की पहिलं काम दावं सोडण्याचं.

जमीन कोरडी ठेवावी, लीद रोज दोनदा काढावी. रात्रीची वैरण जाळीत भरून टांगली, की ती हळूहळू आणि पहाटेपर्यंत खाल्ली जाते. पाणी फार गार असेल तर कोमट करून द्यावं आणि मिठाचा खडा जवळ ठेवावा, म्हणजे पाणी प्यायलं जातं. सकाळी तास-दोन तास मातीच्या मोकळ्या जागेवर घोडा सोडावा, लोळू द्यावा. वरातीचा दिवस असला म्हणून फिरणं झालं, असं धरू नये. फटाक्यांत आणि गर्दीत तासन् तास उभं राहणं म्हणजे हिंडणं नव्हे. दोन घोडे असतील तर एकमेकांना दिसतील असे ठेवावेत.

आणि ज्यांच्याजवळ घोडा नाही, त्यांनी? पहाटे उघड्यावर उभा असलेला घोडा दिसला, तर आधी चार गोष्टी पाहाव्यात. त्याचं अंग कोरडं आहे का? तो थरथरतोय का? समोर वैरण आहे का? आणि मान वळवून दोन पावलं चालता येईल इतका दोर सैल आहे का? अंग कोरडं, थरथर नाही, तोंड वैरणीत आणि दोर सैल, असा घोडा सुखात आहे. त्याला तसंच राहू द्यावं. यातलं काही चुकत असेल तर मालकाशी जरूर बोलावं, पण ‘आत बांधा’ असं सांगण्याऐवजी ‘वैरण पुरते का?’ असं विचारावं. आणि आपला एखादा प्लॉट कुंपण घालून नुसता पडला असेल, तर काचा आणि प्लॅस्टिक वेचून, सकाळी तासभर त्या घोड्याला तिथे सोडू द्यावं. हिवाळ्यात घोड्याला देण्यासारखं याहून ऊबदार काही आपल्याजवळ नाही.